बॉडी उतरवण्याआधी

जुनी गाडी नव्याने उभी करायची म्हणून गॅरेजात नेली की बॉनेट उघडायच्या आधीच ऐकू येतं, "बॉडी उतरवून टाकू साहेब, चेसिस वेगळी करू, मग बघा." वाक्य भारदस्त आहे आणि खर्चाचा आकडाही त्याच्या मागोमाग येतो. पण समोर पद्मिनी उभी असताना कोणी हे म्हणत असेल तर मालकाने चहा संपवावा आणि गाडी घेऊन निघावं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या फियाट अकराशेला काय किंवा तिच्याच पुढच्या पद्मिनीला काय, वेगळी चेसिस नाहीच. पत्र्याची वेल्ड केलेली पेटी हाच तिचा सांगाडा. इंजिन, पुढचं सस्पेन्शन, मागचे पाटे, सगळं थेट त्या पेटीलाच लटकलेलं. तिची बॉडी उतरवणं म्हणजे गाडी कापणं. अँबॅसेडरचंही तेच.

मग बॉडी उतरते कोणाची? मुंबईकराच्या सगळ्यात जवळची म्हणजे जीप. चाळीसच्या दशकाच्या अखेरीला महिंद्राने विलीज जीप जोडायला घेतली ती माझगावात. पुढे सीजे-३बी आणि तिच्या भावंडांनी कित्येक दशकं सरकारी खाती, लष्कर आणि गावोगावचे पुढारी वाहिले. लिलावात निघालेल्या त्या जीपा आजही हाताला लागतात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्यातच जोडलेल्या डॉज, प्लिमथ, डिसोटो याही वेगळ्या चेसिसच्या, पण त्या आता मोजक्या घरांत उरल्या आहेत. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड ही दिसायला नाजूक, पण तिलाही स्वतंत्र चेसिस आहे आणि बॉडी तुकड्यातुकड्यांनी सुटते. खात्री करायची तर गाडीखाली झोपा. पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत दोन सलग लोखंडी दांडे जाताहेत, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत आणि बॉडी त्यांच्यावर रबराच्या गाद्यांमधून बोल्टने बसली आहे, असं दिसलं तर चेसिस आहे. नसेल दिसलं तर नाही. सुटे भाग मिळायला जीप सोपी, म्हणून पुढचं बहुतेक लिहिणं जीप डोळ्यांसमोर ठेवून आहे.

बॉडी उतरवता येते म्हणून उतरवलीच पाहिजे असं नाही. माझं मत विचाराल तर चेसिसने मागितल्याशिवाय उतरवू नये. मागते आहे की नाही हे कळायला एक हातोडी आणि एक जाड स्क्रू ड्रायव्हर पुरे. चेसिसवर हातोडीचे हलके ठोके देत पुढून मागे जा. निरोगी लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे स्क्रू ड्रायव्हर रेटा. आत गेला तर निर्णय झाला. जीपच्या बाबतीत तीन जागा आधी बघायच्या. पहिली, स्टिअरिंग बॉक्स जिथे चेसिसला बोल्ट केलेला असतो तिथे बारीक तडे जातात. दुसरी, पाट्यांच्या शॅकलची टोकं. तिसरी, सगळ्यात मागचा आडवा दांडा, जिथे टोइंगचा हूक लावून वर्षानुवर्षं काहीबाही ओढलेलं असतं. या तिन्ही जागा ठीक असतील, बॉडीच्या गाद्या शाबूत असतील आणि गाडी सरळ रस्त्यावर सरळ जात असेल, तर बॉडी जागेवर ठेवूनच पत्राकाम आणि रंग करा. पैसे वाचतील, आणि गाडी अर्धवट पडून राहायची शक्यता निम्म्याने कमी होईल. सुट्या झालेल्या गाड्या पुन्हा न जोडताच भंगारात जाण्याचं प्रमाण किती असतं, हे कुठल्याही भंगारवाल्याला विचारा.

कागदपत्रांचं काम पाना हातात घेण्याआधीचं. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि चेसिसवर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळतो का ते बघा. नंबरावर गंज चढला असेल तर रॉकेल आणि तारेच्या मऊ ब्रशने साफ करा, ग्राइंडर लावू नका. आरटीओत अजूनही त्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घेतात. तो ठसा आताच घेऊन ठेवा, तारीख घालून फोटोही काढा. सँडब्लास्टिंगवाल्याच्या हातून नंबर पुसला गेला तर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागेल.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर राखता येतो. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. आणि व्याख्येतलंच एक वाक्य आपल्या कामाच्या मुळावर येऊ शकतं. गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल करणारी मोठी उलथापालथ तिच्यात झालेली नको. तीच चेसिस, तीच बॉडी स्वच्छ करून, सडका भाग जसाच्या तसा बनवून परत बसवणं वेगळं आणि दुसऱ्याच जीपची चेसिस आणून खाली सरकवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात व्हिंटेज तर विसराच, मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली साध्या नोंदणीलाही अडचण येईल. पुष्कळ जुन्या जीपांत मध्येच कधीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि पुस्तकात अजून पेट्रोलच असतं. हा गुंता गाडी एकसंध असताना सोडवा. साधी खासगी नोंदणी असेल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि त्याला गाडी चालत्या स्थितीत दाखवावी लागते. मुदत सहा महिन्यांत संपत असेल तर आधी नूतनीकरण, मग पाना.

आता जागा. दक्षिण आणि मध्य मुंबईत या कामाचं खरं अडतं ते इथे. बॉडी उतरली की एका गाडीच्या दोन गाड्या होतात, शिवाय सुट्या भागांना एक खोली लागते. गिरगावातल्या वाडीत ताडपत्रीखाली उभी असलेली जीप शेजाऱ्यांना चालते, पण तिचीच चेसिस एका बाजूला आणि टप, म्हणजे बॉडी, दुसऱ्या बाजूला असं वर्षभर कोणी चालवून घेणार नाही. दादरच्या सोसायटीत तर पहिल्याच सभेत विषय निघेल. माझगाव, रे रोड, शिवडीकडची गॅरेजं काम चांगलं करतात, पण एका गाडीला वर्षभर दोन जागा देणं त्यांनाही परवडत नाही. तेव्हा बोलणी करताना फक्त मजुरी नका ठरवू. बॉडी कुठे राहील, छपराखाली की उघड्यावर, दर महिन्याचं भाडं किती, हे लिहून घ्या. पनवेल किंवा वसईकडे कोणा नातेवाइकाचा गाळा असेल तर बॉडी तिथे आणि चेसिस मुंबईत अशी विभागणीही चालते. फक्त मग बॉडीला खाली चाकं असलेली लोखंडी ट्रॉली आधी बनवून घ्या. नाहीतर दर हलवाहलवीला माणसं गोळा करत बसाल.

वेळापत्रक पावसाने ठरवायचं. बॉडी दसऱ्यानंतर उतरवा. डिसेंबर ते फेब्रुवारी हे मुंबईतले त्यातल्या त्यात कोरडे महिने, रंगकाम तेव्हाच. दमट हवेत एनसी पेंट मारला की त्यावर पांढरट झाक येते, आणि साधा प्रायमर पाणी ओढून घेतो, मग वरून कितीही चकचकीत रंग मारा, खाली गंज सुरूच असतो. जूनपर्यंत रंग झाला नाही तर घाई करू नका. पावसाळा इंजिन, गिअरबॉक्स, डायनॅमो, वायरिंग अशा छपराखालच्या कामांना द्या. आणि लालबाग-परळकरांना सांगायला नको, पण बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगतो. गणपतीचे दहा दिवसच नव्हेत, तर त्याआधीचे आगमनाचे शनिवार-रविवारही धरून त्या भागात टेम्पो, क्रेन, हलवाहलवी काही ठरवू नका. वर्गणीदार असाल तरी रस्ता मिळणार नाही.

सुटं करताना वेग नको. मोबाइलवर फोटो सगळेच काढतात. चुकतं ते असं की भाग सुटल्यावर फोटो काढला जातो. भाग जागेवर असताना, जवळून आणि लांबून, मोजपट्टी बाजूला धरून काढा. प्रत्येक जागेचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीत पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पेन्सिलने नाव. शाईचं मार्कर तेल लागलं की उडतं. वायरिंग कापायचं असलं तरी आधी प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून नाव घाला, कारण नवं वायरिंग त्याच लांबीवर बांधायचं असतं.

जीपची बॉडी उचलण्याआधी तिला धरून ठेवणाऱ्या गोष्टी यादी करून सोडवाव्यात. बॅटरी आणि अर्थिंगची पट्टी. हूड, विंडशील्ड, बॉनेट, मडगार्ड, ग्रिल, रेडिएटर. ड्रायव्हरच्या सीटखालची पेट्रोल टाकी आणि तिची नळी. स्टिअरिंग कॉलम. गिअरच्या आणि फोर-व्हीलच्या दांड्या, कारण त्या जमिनीच्या पत्र्यातून वर येतात. क्लच आणि ब्रेकचे पॅडलही तसेच पत्र्यातून वर आलेले असतात, आणि नेमके तेच विसरले जातात. बॉडी चार इंच उचलली की अडकते, मग मंडळी पहार घालतात आणि पत्रा फाडतात. हँडब्रेकची केबल, स्पीडोमीटरची केबल, एक्सेलेटरचा रॉड. टाकी सोडवली की ती ताबडतोब गाडीपासून लांब न्या. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोक्याची, तिला वेल्डिंगची ठिणगी दाखवू नका.

बॉडीचे बोल्ट बहुतेक गंजून एकजीव झालेले असतात. आठवडाभर आधीपासून रोज त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल टाकत राहा. तरीही फिरला नाही तर डोकं ग्राइंडरने कापा. दोन फुटांचा पाइप लावून जोर काढलात तर बोल्टाबरोबर बॉडीखालचा चॅनलही पिळवटून निघेल. टपाच्या दोन्ही बाजूंना दाराच्या जागी मोठा खळगा असतो, तिथे बॉडी कमकुवत. उचलण्याआधी त्या खळग्यात आडवा-तिरपा अँगल टाका, बोल्टने किंवा टाके मारून. याला फार तर दोन तास लागतात आणि पुढची महिनोन् महिन्यांची डोकेदुखी वाचते. रिकामा टप सहा माणसं उचलतात. चेन ब्लॉक हवा असेल तर तो लोखंडी घोड्यावरच टांगा, चाळीच्या शंभर वर्षं जुन्या लाकडी तुळईवर नव्हे.

उघडी पडलेली चेसिस सरळ आहे की नाही, हे लेसरच्या यंत्राशिवायही कळतं. गवंड्याकडची पाण्याची नळी, ओळंबा आणि खडू एवढंच लागतं. चेसिस चार घोड्यांवर ठेवा, नळीने चारही कोपरे एका पातळीत आणा. दोन्ही दांड्यांवर समोरासमोर असलेली, कारखान्याने पाडलेली भोकं निवडा. पाट्यांच्या पिना, बॉडीच्या बोल्टांची भोकं अशा जोड्या. प्रत्येकातून ओळंबा सोडून खाली लादीवर खडूने फुली करा. मग चेसिस बाजूला घ्या आणि लादीवरच्या फुल्यांचे कर्ण मोजा. पुढच्या डावीकडून मागच्या उजवीकडे आणि उलट. तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक सोडून द्या. दहा-बारा मिलिमीटर निघाला तर गाडीला कधीतरी कोपऱ्यात मार बसला आहे. ती ओढून सरळ करणं ट्रकच्या चेसिसचं काम करणाऱ्याकडे द्या. साध्या वेल्डरला देऊ नका. तड्यावर नुसता वेल्डिंगचा टाका मारणंही फसवं. तड्याच्या टोकाला आधी बारीक भोक पाडून तो तिथे थांबवावा, तडा घासून भरावा आणि वर कडा तिरप्या कापलेली पट्टी लावावी. दांड्याला काटकोनात सरळ कापलेली पट्टी लावली तर काही वर्षांत तिच्याच काठाला नवा तडा जातो.

चेसिसला सँडब्लास्टिंग चालतं, पातळ पत्र्याला जोराचं ब्लास्टिंग चालत नाही, पत्रा लाटा धरतो. ही कामं शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतींत होतात, आणि खरी अडचण परतीच्या प्रवासात आहे. उघडं लोखंड आपल्या हवेत काही तासांत तांबूस होतं. म्हणून इपॉक्सी प्रायमर ब्लास्टिंगवाल्याच्या आवारातच, त्याच दिवशी मारून घ्या. ॲसिडच्या हौदात बुडवून देतो म्हणणारे भेटतील. बंद पेटीसारख्या भागांना ते नको, सांध्यांत राहिलेलं ॲसिड वर्षभराने रंगाखालून बाहेर येतं. पावडर कोटिंगची फॅशन आहे, मला ते समुद्राजवळच्या गाडीसाठी पटत नाही. एकदा दगड लागून टवका उडाला की खारी हवा कोटिंगखाली सरकते आणि वरून काही दिसत नाही. ब्रशने दुरुस्त करता येईल असा दोन भागांचा चेसिस पेंट बरा. असले पेंट फवारताना साधं फडकं नाकाला बांधून चालत नाही, त्यातलं हार्डनर फुप्फुसाला घातक असतं. चाळीच्या गॅलरीत तर मुळीच नको.

पत्राकामात एक गोष्ट पाळली तर अर्धं काम साधलं: सडलेली बॉडी चेसिसवर बसवून दुरुस्त करा, बाजूला ठेवून नव्हे. चेसिस सरळ झाली, रंगली, की नव्या गाद्यांवर बॉडी बोल्टने बसवा आणि मग जमिनीचा पत्रा, खालचे चॅनल, मागचे कोपरे वेल्ड करा. जीपला साधारण १८ गेजचा पत्रा लागतो. बाजूला ट्रॉलीवर वेल्ड केलेली बॉडी सुंदर दिसते, पण चेसिसवर आली की बॉनेट एका बाजूला बोटभर वर राहतं. मग तिथे पुट्टीचा थर चढतो, आणि पहिल्या खड्ड्यात तो पडतो. ग्रिल, मडगार्ड, बॉनेट, विंडशील्ड सगळं एकदा कोरडं जोडून बघा, फटी सारख्या करा, आणि मगच पुन्हा उतरवून रंगाला पाठवा. डेंटरला हे दुप्पट काम वाटेल. मजुरी ठरवतानाच हे सांगून ठेवा.

खरेदीला फिरताना नागदेवी स्ट्रीटवर नटबोल्ट घ्यायला जाल तेव्हा जुना बोल्ट खिशात न्या. जीप आणि हेरल्डचे बहुतेक आटे इंचांचे, फियाटचे मेट्रिक. पाच सोळांश इंचाचा बोल्ट आणि आठ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना एकच दिसतात. चुकीचा लावला तर दोन आटे गोडीत जातो आणि मग अडकतो. कारागीर जोर लावतो आणि चेसिसमधला मूळ आटा जातो. ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्याच घाला, जुन्यातली एकही परत लावू नका, आणि त्या नळ्या बॉडी बसण्याआधी टाका, तेव्हा हात पोचतो. लोहार चाळीतून वायर घेताना घरगुती वायर घेऊ नका, गाडीची वेगळी मिळते. चोर बाजारात मीटर, दिवे, बिल्ले हाती लागतात, पण इंजिनचे घासणारे भाग तिथून घेऊ नयेत, ते ऑपेरा हाऊसकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारावेत. बॉडीच्या गाद्यांसाठी जुन्या कन्व्हेअर बेल्टचं रबर उत्तम, त्यात कापड असतं म्हणून ते दबून पसरत नाही.

पद्मिनीवाल्यांना सुरुवातीलाच निराश केलं, म्हणून त्यांच्यापुरतं थोडं. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. घरची पद्मिनी वाचवायची तर तिच्या दाराखालच्या दोन पेट्या, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या पाट्यांची टोकं आधी तपासा. गाडीचा भार तिथेच आहे. दाराखालची पेटी बदलायची असेल तर दाराच्या चौकटीत आधी आधाराचा पाइप वेल्ड करा, एका वेळी एकच बाजू कापा, आणि प्रत्येक टाक्यानंतर दार लावून फट बघा. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मधोमध खचते आणि पुन्हा दारं कधीच नीट लागत नाहीत.

गॅरेजला पैसे देताना टप्पे पाडा. बॉडी उतरली, चेसिस रंगली, बॉडी कोरडी बसली, रंग झाला, गाडी चालू झाली. मधल्या टप्प्यावर, म्हणजे बॉडी कोरडी बसल्यावर, स्वतः जाऊन फटी बघितल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. गाडी रस्त्यावर आली की पहिल्या ५०० किलोमीटरनंतर बॉडीचे सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या, नवं रबर तोवर दबलेलं असतं. आणि दर वर्षी मे महिन्यात जमिनीच्या पत्र्यातली पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. जीप खालून सडते ती बहुतेक या बुजलेल्या भोकांमुळेच.